‘२५०’ म्हणजे दिलेला शब्द

वाचकांचे प्रश्न

या वेळी मेल सर्व्हरवरचीच पत्रं घेतली आहेत. शीर्षकातलं ‘२५०’ म्हणजे ‘मेल घेतली’ असं सांगणारं सर्व्हरचं उत्तर, त्याबद्दल पुढे. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यातल्या दोन्ही चुका मी स्वतः केलेल्या आहेत आणि लॉग ओळ-ओळ वाचल्याशिवाय त्या सापडत नाहीत.

प्रश्न: आमच्या संस्थेत साठेक मेलपेट्या आहेत. एकाच यंत्रावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये मी दोन व्हीएम (यंत्राच्या आत चालणारी आभासी यंत्रं) उभ्या केल्या. एकीत पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा) आणि डव्हकॉट (मेलपेट्या सांभाळणारा) यांचा मेल सर्व्हर. दुसरीत पोस्टफिक्स आणि स्पॅमॲसॅसिन लावून स्पॅम गाळणारी प्रॉक्सी. प्रॉक्सीला दोन नेटवर्क कार्डं दिली. पहिलं नॅटचं, म्हणजे होस्टच्या (मूळ यंत्राच्या) पत्त्याआडचं, त्यावर होस्टचा २५ नंबरचा, मेल घेण्याचा पोर्ट वळवला आहे. दुसरं अंतर्गत नेटवर्कचं, त्यावरून ती मेल सर्व्हरशी बोलते. चाचणीत सगळं ठीक होतं. एमएक्स रेकॉर्ड (आमची मेल कोणत्या सर्व्हरकडे यावी हे सांगणारी नोंद) बदलल्यावर दोन दिवसांत ओळखीच्या लोकांच्या खऱ्या मेलही एसपीएफमध्ये (पाठवणाऱ्या पत्त्याच्या तपासणीत) नापास व्हायला लागल्या, आणि प्रॉक्सीच्या रांगेत हजारो बाउन्स (‘मेल पोचली नाही’ सांगणारी पत्रं) साठले, तेही ज्यांना आम्ही कधी लिहिलंच नाही अशा लोकांच्या नावे. माझी रचनाच चुकली का?
(संगणक विभाग एकट्याने सांभाळणारे एक वाचक)

उत्तर: रचना चुकलेली नाही. पुढे गाळणी, मागे मेल सर्व्हर आणि दोघांना वेगवेगळी व्हीएम, हे मीही असंच करते. गाळणीत सतत काहीतरी बदलावं लागतं, नवे नियम येतात, कधीतरी ती बंद पडते. लोकांच्या मेलपेट्या त्या धावपळीपासून लांब असलेल्या बऱ्या. तुमच्याकडे दोन गोष्टी हरवल्या आहेत: येणाऱ्याचा खरा पत्ता, आणि ‘नाही’ म्हणायची वेळ.

पण पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. प्रॉक्सीवर ‘पोस्टकॉन्फ मायनेटवर्क्स’ ही आज्ञा द्या आणि उत्तरात १०.०.२.० ने सुरू होणारं नेटवर्क दिसतं का ते बघा. दिसलं तर आत्ता काढा आणि पोस्टफिक्स रीलोड करा. कारण सांगतेच, पण काम आधी.

तुम्ही पत्रात लॉग पाठवलेला नाही, तरी मला खात्री आहे की तुमच्या प्रॉक्सीच्या लॉगमध्ये प्रत्येक जोडणीपुढे १०.०.२.२ हाच पत्ता आहे. व्हर्च्युअलबॉक्सचं नॅट बाहेरून आलेली जोडणी जशीच्या तशी आत सोडत नाही. ती होस्टवरच संपते आणि व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच्या वतीने आत दुसरी जोडणी उघडतो. त्यामुळे आतल्या व्हीएमच्या दृष्टीने जगातले सगळे मेल सर्व्हर १०.०.२.२ या एकाच पत्त्यावर राहतात. एसपीएफ एवढंच विचारतं की या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची मुभा या आयपी पत्त्याला आहे का. १०.०.२.२ ला अशी मुभा कोणीही दिलेली नसते. म्हणून खरे-खोटे सगळे सारखेच नापास.

एसपीएफचं नुकसान निदान दिसतं तरी. बाकीचं नुकसान गुपचूप होतं. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्या आयपी पत्त्यावरच चालतात, त्या १०.०.२.२ बद्दल काय सांगणार? ग्रेलिस्टिंग लावलं असेल तर तेही गेलं. २००३ मध्ये एव्हन हॅरिस यांनी मांडलेली ही युक्ती पाठवणाऱ्याचा आयपी, पाठवणारा आणि ज्याला पाठवली तो, असं त्रिकूट लक्षात ठेवते. अनोळखी त्रिकुटाला ‘थोड्या वेळाने या’ सांगते. पोस्टग्रे हा पोस्टफिक्ससाठी ग्रेलिस्टिंग करणारा प्रोग्रॅम मात्र पाच वेळा नीट परत आलेल्या पत्त्याला पुढे अडवतच नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी पाच सज्जन सर्व्हर परत आले की १०.०.२.२ कायमचा ओळखीचा झाला, आणि त्याच्या मागून सगळं जग.

आता ते मायनेटवर्क्स. त्या यादीतल्या पत्त्यांना पोस्टफिक्स घरचं माणूस मानतो आणि त्यांची मेल कुठल्याही डोमेनकडे पोचवतो. त्यात १०.०.२.० असेल, तर तुम्ही साऱ्या जगासाठी ओपन रिले चालवत आहात. स्पॅम पाठवणारे असा सर्व्हर फार लवकर शोधतात, आणि मग तुमचा पत्ता काळ्या याद्यांतून काढून घेण्यात आठवडे जातात. यादीत तो नसेल तर सुटकेचा श्वास घ्या.

उपाय सोपा आहे. प्रॉक्सीचं बाहेरचं कार्ड नॅटवरून ब्रिज्डवर आणा, तिला नेटवर्कमधला स्वतःचा पत्ता द्या आणि राउटरवरून २५ चा पोर्ट थेट त्या पत्त्याकडे वळवा. राउटर असं वळवताना फक्त ‘कुठे जायचं’ तो पत्ता बदलतो, ‘कुठून आलो’ हा तसाच राहतो. केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिथे होस्टवर डीनॅटचा (फक्त ‘कुठे जायचं’ बदलणारा) नियम लिहिला तर मूळ पत्ता टिकतो, पण कोणीतरी घाईत सरसकट मास्करेडचा (‘कुठून आलो’ बदलणारा) नियम लावून ठेवला असेल तर तोही पुसला जातो. मास्करेड बाहेर जाणाऱ्या इंटरफेसपुरतंच ठेवा. बदल झाल्यावर आतूनच टेलनेट करून समाधान मानू नका, कारण काही राउटर आतून आलेल्याला स्वतःचाच पत्ता चिकटवतात. बाहेरच्या एखाद्या मोठ्या मेलसेवेतून स्वतःला मेल पाठवा आणि लॉगमध्ये त्या सेवेचा पत्ता दिसतो का ते बघा. चाचणीत तुम्हाला सगळं ठीक वाटलं, ते बहुधा आतूनच तपासल्यामुळे.

मागच्या व्हीएमकडे बाहेरून २५ चा पोर्ट वळवूच नका. तिचा २५ चा पोर्ट फक्त प्रॉक्सीच्या अंतर्गत पत्त्यासाठी उघडा असू द्या. मागचं दार उघडं राहिलं तर स्पॅम पाठवणारे एमएक्स रेकॉर्डकडे न बघता थेट तिकडे जातात. वापरकर्ते स्वतःची मेल पाठवतात ते ५८७ आणि ४६५ हे पोर्ट मात्र पासवर्डसह राउटरवरून थेट मेल सर्व्हरकडे न्या, गाळणीतून नको. बहुतेक घरगुती जोडण्यांचे पत्ते स्पॅमहाउस या काळ्या याद्या चालवणाऱ्या संस्थेच्या धोरण-यादीत असतात, कारण त्या पत्त्यांनी थेट २५ वर मेल पाठवू नये अशीच अपेक्षा असते. तुमचे सहकारी घरून काम करतील आणि तुमचीच गाळणी त्यांना हाकलून देईल.

मागच्या व्हीएमला प्रत्येक मेल प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून येताना दिसेल, आणि ते बरोबर आहे. म्हणून एसपीएफ, काळ्या याद्या, ग्रेलिस्टिंग हे सगळं पुढेच. मागे यातलं काहीही ठेवू नका. प्रॉक्सीचा पत्ता मागच्या सर्व्हरच्या मायनेटवर्क्समध्येही टाकू नका. बाहेर जाणारी मेल मागून पुढे जाते, पुढून मागे येत नाही, तेव्हा त्याची गरज नसते. १०.०.२.२ ची चूक अंतर्गत पत्त्याच्या रूपाने दुसऱ्यांदा झालेली मी पाहिली आहे.

आता बाउन्स. तुम्ही तिला प्रॉक्सी म्हणता, पण तिला रांग आहे, म्हणजे ती रिले आहे. खरी प्रॉक्सी, उदाहरणार्थ पर्लमध्ये लिहिलेली एएसएसपी, स्वतः काही साठवत नाही. पाठवणारा एक वाक्य बोलतो, ती ते मागच्या सर्व्हरला सांगते, त्याचं उत्तर तसंच परत देते. मागचा म्हणाला ‘असा माणूस इथे नाही’, तर तो नकार पाठवणाऱ्याच्या कानावर तिथल्या तिथे पडतो. रिले तसं करत नाही. ती मेल स्वतः घेते, ‘२५०’ म्हणते, फोन ठेवते आणि मग मागच्याला विचारते. मागचा नाही म्हणाला, की हातात घेतलेल्या मेलचं करायचं काय? नियमाप्रमाणे ती पाठवणाऱ्याला बाउन्स लिहिते. आणि स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा, कुणाचातरी चोरलेला असतो. तुमच्या रांगेतल्या त्या हजारो मेल अशा लोकांच्या नावे आहेत, ज्यांनी तुम्हाला काहीच पाठवलेलं नाही. याला बॅकस्कॅटर म्हणतात. तुमचा सर्व्हर अनोळखी लोकांना त्रास देतो आहे, म्हणून ती रांग आजच रिकामी करा. फक्त ज्यांचा पाठवणारा रिकामा आहे तेवढेच बाउन्स पुसा. आख्खी रांग पुसलीत तर खऱ्या मेलही जातील.

२५० या तीन आकड्यांबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपी (सर्व्हरांची एकमेकांना मेल देण्याची भाषा) लिहिलं तेव्हापासून हे उत्तर आहे. १९८९ च्या आरएफसी ११२३ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) त्याचा अर्थ निःसंदिग्ध केला: मेलचा मजकूर पूर्ण आल्यावर सर्व्हरने २५० म्हटलं, की पोचवायची जबाबदारी त्याची. पोचवता आली नाही तर कळवायची जबाबदारीही त्याची. यंत्र नंतर बंद पडलं, ही सबब तिथे चालत नाही. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही हेच कायम आहे. समोरचा सर्व्हर हे उत्तर ऐकून स्वतःकडची प्रत पुसून टाकतो. त्या क्षणानंतर ती मेल जगात फक्त तुमच्याकडे असते.

हे मला माहीत असूनही एकदा मी ते पाळलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेची गाळणी माझ्याकडे होती. स्पॅमचा लोंढा इतका होता की दहापेक्षा जास्त स्पॅम-गुण मिळालेली मेल न बोलता पुसायचा नियम मी लावला. ‘डिस्कार्ड’ हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला. एका मुलीने शिष्यवृत्तीच्या मुलाखतीची तारीख बदलून मागणारी मेल त्या संस्थेला पाठवली होती. पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो जोडला होता, मजकुरात काहीच नव्हतं, विषय सगळा कॅपिटल अक्षरांत, आणि तिच्या मेलसेवेच्या त्या सर्व्हरचा पत्ता नेमका त्या दिवशी एका काळ्या यादीत होता. गुण झाले १०.४. तिच्या सर्व्हरला आमच्याकडून २५० मिळालं, तिला वाटलं मेल पोचली, आणि ती उत्तराची वाट बघत राहिली. मुलाखतीच्या दिवशी तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं गेलं. महिन्याभराने तिचे वडील विचारायला आले तेव्हा मी लॉग काढला, आणि ती ओळ त्यांना वाचून दाखवावी लागली. दारातच नकार दिला असता, तर तिच्या मेलपेटीत पाच मिनिटांत ‘मेल पोचली नाही’ असं पत्र गेलं असतं. तिने फोन केला असता.

तेव्हापासून माझ्या कुठल्याही गाळणीत डिस्कार्ड नाही. तुमच्यासाठी त्याचा व्यवहारातला अर्थ असा.

जो माणूस तुमच्याकडे नाहीच, त्याच्या नावची मेल ‘मेल कुणाला’ हे सांगण्याच्या टप्प्यावरच नाकारा. साठ मेलपेट्या असतील तर ‘रिले_रेसिपियंट_मॅप्स’मध्ये साठ पत्ते लिहून काढा, पण नवा माणूस आला की दोन ठिकाणी लिहावं लागतं आणि एक जागा विसरली जाते. मला ‘रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट’ आवडतं. यात पुढचा पोस्टफिक्स मागच्याला स्वतः विचारतो की हा पत्ता आहे का, आणि उत्तर लक्षात ठेवतो: ‘आहे’ हे ३१ दिवस, ‘नाही’ हे ३ दिवस. सुरुवातीला तो नकार ४५० या तात्पुरत्या क्रमांकाने देतो. आठवडाभर लॉग बघा, खऱ्या माणसांना अडवत नाही अशी खात्री पटली की क्रमांक ५५० करा. मागच्या सर्व्हरवर ‘कुठल्याही नावाची मेल घ्या’ असा कॅच-ऑल असेल तर तो काढावा लागेल. तो असताना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘आहे’ असंच येतं.

स्पॅमची तपासणीही जोडणी चालू असतानाच व्हायला हवी. तुम्ही स्पॅमॲसॅसिन कसा जोडला ते लिहिलेलं नाही, पण बरेच जण ‘कंटेंट_फिल्टर’ने जोडतात, आणि तो मेल रांगेत आल्यानंतर, म्हणजे २५० दिल्यानंतर चालतो. मिल्टरने जोडा. मिल्टर मजकूर बघतो आणि मगच उत्तर ठरतं. स्पॅमॲसॅसिनची मूळ रेघ ५ गुणांची आहे. त्या रेघेवर नाकारू नका, फक्त हेडरमध्ये शिक्का मारा आणि डव्हकॉटच्या सिव्हकडून (मेल फोल्डरांत लावणाऱ्या नियमांकडून) ती मेल जंक फोल्डरमध्ये टाकून घ्या. माणूस तिथे जाऊन बघू शकतो. १५ च्या वर गेली तर दारातच ५५० आणि सोबत एक वाक्य: तुमची मेल स्पॅम समजून नाकारली आहे, चूक असेल तर या क्रमांकावर फोन करा. हे वाक्य लिहायला विसरू नका. ते वाचणारा माणूस खरा असतो, कारण स्पॅम पाठवणारी यंत्रं नकार वाचत नाहीत.

एक भर सुचवते, पोस्टस्क्रीन. तो पोस्टफिक्सबरोबरच येतो. जोडणी आल्यावर तो स्वागताची अर्धी ओळ म्हणतो आणि सहा सेकंद थांबतो. एसएमटीपीत आधी सर्व्हरने बोलायचं असतं, पाहुण्याने नंतर. घाईतला स्पॅमबॉट थांबत नाही, मध्येच बोलतो आणि पकडला जातो. मजकूर वाचायची गरजच पडत नाही, म्हणून व्हीएमवर ताण जवळजवळ शून्य. याला मात्र खरे आयपी पत्ते लागतात, त्यामुळे ब्रिज झाल्यावरच लावा.

मेमरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र त्याचंच येईल. पुढे क्लॅमएव्ही हा विषाणू शोधणारा प्रोग्रॅम लावणार असाल तर त्या व्हीएमला किमान ४ जीबी द्या. त्याच्या विषाणू-खुणांचा संच एकटाच एक जीबीच्या वर जागा घेतो, आणि नवा संच आला की काही काळ जुना आणि नवा दोन्ही मेमरीत असतात. २ जीबीच्या व्हीएमवर दिवसभर सगळं छान चालतं आणि संच बदलायच्या क्षणी कर्नल क्लॅमडीला (क्लॅमएव्हीच्या सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमला) मारून टाकतो. तपासणारा मेला की काय करायचं, हे ‘मिल्टर_डिफॉल्ट_ॲक्शन’ ठरवतं. त्याचं मूळ मूल्य ‘टेम्पफेल’ आहे, म्हणजे समोरच्याला ‘नंतर या’. ते तसंच ठेवा. मेल अडकल्यावर घाबरून ‘ॲक्सेप्ट’ केलं, तर पहारेकरी नसताना दार सताड उघडं.

प्रश्न: गाळणी महिनाभर उत्तम चालली. इंटरनेट संथ वाटलं म्हणून व्हीएमचं डीएनएस (नावांवरून पत्ते सांगणारी सेवा) ८.८.८.८ हे गूगलचं सार्वजनिक केलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक मेल नाकारली जाते. लॉगमध्ये स्पॅमहाउसचं नाव आहे. सगळ्या मोठ्या मेलसेवा एकाच दिवशी काळ्या यादीत कशा जातील?
(एक वाचक)

उत्तर: त्या गेलेल्या नाहीत. मोफत वापरात स्पॅमहाउस सार्वजनिक डीएनएसमधून आलेल्या विचारणांना खरं उत्तर देत नाही. हजारो लोक एकाच ठिकाणाहून विचारत असतील तर कोण किती विचारतो ते कळत नाही, असं त्यामागचं कारण. अशा विचारणेला १२७.२५५.२५५.२५४ हे उत्तर येतं, त्याचा अर्थ ‘चुकीच्या वाटेने विचारलंत’. यादीत असल्याचं उत्तर १२७.०.०.२ किंवा त्याच्या आसपासचं असतं. तुमच्या पोस्टफिक्सला फरक शिकवलेला नाही. कुठलंही उत्तर आलं की तो नाकारतो.

प्रॉक्सीच्या व्हीएममध्येच अनबाउंड हा डीएनएसचा प्रोग्रॅम बसवा, त्याला कोणाकडे फॉरवर्ड करायला लावू नका, स्वतः मुळापासून शोधू द्या. मग पोस्टफिक्समध्ये यादीच्या नावापुढे ‘=१२७.०.०.[२..११]’ जोडा, म्हणजे एवढी उत्तरंच नकार मानली जातील. तपासायला एक कायमची सोय आहे: अशा प्रत्येक यादीत १२७.०.०.२ हा पत्ता असायलाच हवा आणि १२७.०.०.१ नसायलाच हवा. दोन्ही विचारून बघा. दुसरा पत्ताही यादीत दिसला तर ती यादी त्या क्षणी बंद करा. आणि व्हीएमला पत्ता डीएचसीपीने मिळत असेल, तर पुन्हा सुरू केल्यावर डीएनएस गुपचूप बदललेलं नाही ना, हेही बघा.

प्रश्न: मुख्य प्रॉक्सी बंद पडली तर म्हणून मेल सर्व्हरलाच दुसऱ्या क्रमांकाचा एमएक्स करून ठेवला आहे. आता सगळा स्पॅम तिकडूनच येतो. काय करू?
(एक वाचक)

उत्तर: काढून टाका. स्पॅम पाठवणारे मुद्दाम शेवटच्या क्रमांकाच्या एमएक्सकडे जातात, कारण तिथे पहारा कमी असतो हे त्यांना ठाऊक आहे. प्रॉक्सी रात्रभर बंद राहिली तरी मेल हरवत नाही. समोरचा सर्व्हर ती स्वतःच्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये असं आरएफसी ५३२१ सांगतं आणि पोस्टफिक्स मुळातच पाच दिवस धरून ठेवतो. दुसरा एमएक्स हवाच असेल तर तो पहिल्याइतकाच कडक असलेली दुसरी गाळणी असावी, तेच नियम, तीच पत्त्यांची यादी.

प्रश्न: स्पॅमॲसॅसिनचं बेझ शिक्षण चालू केलं, पण हेडरमध्ये बेझचा एकही गुण दिसत नाही. शिवाय आमच्या मराठीतल्या मेलला ते नीट ओळखत नाही असं वाटतं.
(एका ग्रंथालयात काम करणाऱ्या वाचक)

उत्तर: किमान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल शिकवल्याशिवाय ते तोंड उघडत नाही. स्पॅमचे २०० सहज जमतात, चांगल्यांचे लोक शिकवतच नाहीत. आणि ते फक्त तुम्ही दाखवलेल्या शब्दांवरून शिकतं. चांगल्या मेल म्हणून सगळ्या इंग्रजी मेल दाखवल्यात तर मराठी शब्द त्याच्यासाठी अनोळखीच राहणार. सहकाऱ्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने, रोजच्या पत्रव्यवहारातल्या मराठी मेल ‘हॅम’ म्हणून शिकवा. ‘ओके_लोकेल्स’मध्ये कोणी फक्त ‘ईएन’ लिहून ठेवलेलं नाही ना तेही बघा. मूळ मूल्य ‘ऑल’ आहे आणि तेच ठेवावं. शिकवणी प्रॉक्सीच्या व्हीएममध्ये आणि स्पॅमॲसॅसिन ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं त्याच नावाने द्यावी लागते. रूट होऊन शिकवलंत तर शिकलेलं सगळं रूटच्या खात्यात जातं आणि गाळणीला त्याचा पत्ताच नसतो. तुमचं बहुधा हेच झालं आहे.

प्रश्न: ‘एसएमटीपी स्मगलिंग’ची बातमी वाचली होती. पुढची प्रॉक्सी नवी आहे, मागचा सर्व्हर जुना. पुढची नवी असल्यावर चालेल ना?
(एक वाचक)

उत्तर: त्यावर विसंबू नका. मेल संपली हे सांगायला एका ओळीवर एकटं टिंब द्यायचं असतं, आणि त्याच्या आधी-नंतर ओळ संपवणारी सीआर-एलएफ ही जोडी हवी. काही सर्व्हर नुसत्या एलएफवरही समाधान मानतात. पुढच्याने असं अर्धवट टिंब मजकूर समजून सोडलं आणि मागच्याने तोच शेवट मानला, तर त्यापुढचा मजकूर मागच्याला नवी मेल वाटतो, तीही विश्वासातल्या प्रॉक्सीकडून आलेली. टिमो लॉन्गिन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये हे उघड केलं. ही चूक दोन सर्व्हरच्या मतभेदात राहते, त्यामुळे तुमच्यासारख्या जोडरचनेला ती खास लागू आहे. दोन्ही व्हीएम अद्ययावत करा. पोस्टफिक्स ३.८.४ पासून ‘एसएमटीपीडी_फॉरबिड_बेअर_न्यूलाइन’ ही सोय आहे, ३.९ पासून ती आपोआप चालू असते.

प्रश्न: मेल सर्व्हरच्या व्हीएमचं अपग्रेड करण्याआधी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची प्रत) घेतला. अपग्रेड बिघडलं, सहा तासांनी स्नॅपशॉटवर परत गेलो. सगळं सुरू झालं, पण त्या सहा तासांतल्या मेल गायब आहेत. परत मिळतील का?
(एक वाचक)

उत्तर: मेलपेटीतून मिळणार नाहीत. त्या मेलना तुमच्या सर्व्हरने २५० दिलं होतं, त्यामुळे पाठवणारे त्या पुन्हा पाठवणार नाहीत, आणि आपली मेल गेली हे त्यांना ठाऊकही नाही. पण प्रॉक्सीचं व्हीएम तुम्ही मागे नेलेलं नाही. तिच्या लॉगमध्ये त्या सहा तासांत बाहेरून आलेली प्रत्येक मेल कोणाकडून, कोणाला आणि किती वाजता गेली ते लिहिलेलं आहे.

पुढच्या वेळी अपग्रेडच्या आधी प्रॉक्सीवर ‘डिफर_ट्रान्सपोर्ट्स’मध्ये मागे जाणारी वाट लिहून ती थांबवा. मेल प्रॉक्सीच्या रांगेत साठत राहतील, त्यासाठी पाच दिवसांची मुदत आहे. मग स्नॅपशॉट, मग अपग्रेड, मग आतूनच एक-दोन चाचणीच्या मेल. समाधान झालं की वाट मोकळी करा. परत फिरावं लागलं तरी रांग प्रॉक्सीत सुरक्षित असते.

आज मात्र तो लॉग काढा, इतर काहीही करायच्या आधी, कारण लॉग फिरत राहतात आणि जुने पुसले जातात. पाठवणाऱ्यांची यादी करा. जाहिराती आणि आपोआप येणाऱ्या सूचना वगळा. उरलेल्या प्रत्येकाला तुमच्या नावाने लिहा: अमुक दिवशी अमुक वाजता तुम्ही अमुक व्यक्तीला पाठवलेली मेल आमच्या चुकीने नष्ट झाली, कृपया पुन्हा पाठवा. ज्यांची मेल गेली त्या सहकाऱ्यांनाही पाठवणाऱ्यांची नावं द्या, म्हणजे कोणाचं काय तातडीचं होतं ते तेच ओळखतील आणि त्यांना आधी फोन करतील.